फोटो पुसट का येतो?

मी मुंबईतल्या पवईहून बोलतेय. पवई म्हटलं की लोकांना तलाव आठवतो, आयआयटी आठवते, उंच इमारती आठवतात. त्या इमारतींच्या मागं टेकडीच्या उतारावर वस्त्या आहेत, आणि तिथल्या बचत गटांचं काम मी बघते. गटातल्या बऱ्याच जणी साताऱ्याकडच्या, जालन्याकडच्या, कोकणातल्या. त्यामुळं मी शहरातून बोलत असले तरी मला रोज जी माणसं भेटतात ती तुमच्यासारखीच आहेत, आणि त्यांचे प्रश्नही तुमचेच.

आज मोबाइलच्या फोटोबद्दल बोलायचंय. "ताई, फोटो हललाय," "ताई, ब्लर आलाय," हे दिवसातून दोनदा तरी माझ्या कानावर पडतं. लग्नातला फोटो हलला तर हसून सोडून देता येतं. पण आता आपली किती कामं फोटोवर अडतात ते बघा. २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, हमीपत्र, सगळ्याचे फोटो मोबाइलवरून चढवायचे होते. महिन्याला दीड हजार रुपयांचा प्रश्न होता. आमच्या वस्तीत काही जणींचे अर्ज नुसत्या 'कागद स्पष्ट दिसत नाही' एवढ्या कारणावरून परत आले. बाई पात्र, कागद खरे, आणि अडलं कुठं, तर फोटोत. ई-पीक पाहणी २०२१ सालापासून मोबाइलवर आली, तिथं शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर फोटोसकट हजेरी सक्तीची झाली, दिवसातून दोनदा. घरकुलाच्या हप्त्यासाठी पाया भरल्याचा फोटो, भिंती झाल्याचा फोटो. आणि गटाचा माल विकायचा तर पापडाचा, चटणीचा फोटो. कागद वाचता येणं जसं आपण शिकलो, तसंच नीट फोटो काढणंही आता शिकून घ्यावं लागणार.

पहिलं कारण सांगते ते इतकं साधं आहे की बायका माझ्याकडं संशयानं बघतात. काच मळलेली असते. फोनच्या मागं कॅमेऱ्याची ती बारीक काच असते ना, तिच्यावर आपलं बोट दिवसभर फिरत असतं. आपला फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या हातात, तेलाच्या हातात, ब्लाउजमध्ये, पिशवीत. त्या काचेवर तेलाचा एक पातळ थर बसतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण फोटोत सगळं धुरकट येतं, आणि दिव्याभोवती किंवा खिडकीभोवती पांढरं वलय दिसतं. वलय दिसलं की समजायचं, काच पुसायची वेळ झाली. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घ्या, काचेवर तोंडाची वाफ सोडा आणि हलक्या हातानं गोल पुसा. जरीच्या पदरानं पुसू नका, जर काचेवर चरे पाडते. धूळ असेल तर आधी फुंकर मारा, नाहीतर तीच धूळ काचेवर घासली जाते. आणि बाजारात कॅमेऱ्यावर चिकटवायची जी स्वस्तातली काच मिळते ती सहा महिन्यांत चरे पडून पांढरी होते. ती काढून टाका, फोटो लगेच सुधारलेला दिसेल. माझ्या मते ती लावूच नये.

पावसाळ्यात आणखी एक होतं. बँकेत एसीत तासभर बसून बाहेर आलं की फोनची काच गार असते आणि बाहेरची हवा दमट. मग गार तांब्याला जसं बाहेरून पाणी सुटतं तसा काचेवर दव बसतो. पुसला तरी परत बसतो. फोन थोडा वेळ हातात धरून बाहेरच्या हवेवर येऊ द्यायचा, मग फोटो काढायचा. पुरणपोळीच्या तव्यावर वाकून फोटो काढतो तेव्हाही तेच, वाफ काचेवर बसलेली असते.

आता मुख्य गोष्ट, उजेड. ही नीट समजली तर अर्धं काम झालं, म्हणून जरा सावकाश सांगते.

कॅमेरा म्हणजे उजेड भरून घ्यायचं भांडं समजा. नळाला पाणी जोरात असलं की हंडा पटकन भरतो, धार बारीक असली की हंड्याखाली थांबून राहावं लागतं. आमच्या टेकडीवरच्या बायकांना हे उदाहरण दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. बाहेर लख्ख ऊन असेल तर कॅमेऱ्याचा हंडा सेकंदाच्या हजाराव्या भागात भरतो. घरात एका ट्यूबलाइटवर तोच हंडा भरायला सेकंदाचा विसावा-पंचविसावा भाग लागतो. तुम्ही म्हणाल, त्यात काय, तोही क्षणच. पण हिशेब करून बघा. पापड लाटताना हात सेकंदात दीड फूट फिरला असं धरू. उन्हातल्या फोटोत, सेकंदाच्या हजाराव्या भागात, तो हात सुईच्या जाडीपेक्षाही कमी सरकतो. घरातल्या फोटोत, सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, तोच हात जवळजवळ पाऊण इंच सरकतो. कॅमेरा त्या सगळ्या वेळात डोळा उघडा ठेवून बसलेला असतो, म्हणून हात जिथून जिथपर्यंत गेला तो सगळा पट्टा फोटोत उमटतो. बाई दिसते, पोळपाट दिसतो आणि हातांच्या जागी धुरळा दिसतो.

फोन धरणारा हात हलला तर याच्या उलट होतं. मग एकटा हात पुसट येत नाही, भिंतीसकट सगळा फोटोच पुसट येतो. दोष कुठं आहे ते ओळखायची खूण हीच. सगळंच हललेलं असेल तर फोन हलला. माणूस हललेला आणि मागची भिंत स्पष्ट असेल तर माणूस हललं. काहीच हललेलं नाही पण सगळ्यावर धुकं आहे, तर काच मळलीय. आणि पुढचं पुसट, मागचं स्पष्ट असं असेल तर कॅमेऱ्याची नजर चुकलीय, त्याबद्दल पुढं सांगते.

जुन्या काळी तर हा वेळ सेकंदांत मोजायचे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची पहिली संस्था निघाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉक्टर नारायण दाजी हे त्या सुरुवातीच्या काळातले आपल्याकडचे नावाजलेले फोटोग्राफर. तेव्हा काचेवर मसाला लावून फोटो घेत. समोरच्या माणसानं काही सेकंद दगडासारखं बसायचं, म्हणून मानेला मागून लोखंडी टेकू लावायची पद्धत जगभर होती. जुन्या फोटोंतले लोक इतके गंभीर का दिसतात याचं एक कारण हेही आहे, हसू तेवढा वेळ टिकत नाही. आणि त्या फोटोत लहान मूल असेल तर त्याचा चेहरा बऱ्याचदा पुसटच असतो.

आता करायचं काय, तर उजेडाकडं जायचं. गावात राहणाऱ्या मैत्रिणींचा मला इथं हेवा वाटतो. तुमच्याकडं ओसरी आहे, अंगण आहे. आमच्याकडं दहा बाय दहाची खोली, तीही एका दाराची. ओसरी म्हणजे फोटोसाठी देवानं दिलेला स्टुडिओ. वरून छप्पर असल्यामुळं कडक ऊन पडत नाही, समोरून भरपूर मऊ उजेड येतो. पापडाचं ताट ओसरीच्या कडेला ठेवा, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, आणि फोटो काढा. भर दुपारी अंगणात ठेवलं तर हलत नाही हे खरं, पण सावल्या काळ्याकुट्ट पडतात आणि मसाल्याचा लाल रंग भडक दिसतो. आमच्या बायका दारात बसतात, दार पूर्ण उघडतात आणि उजेड ताटावर एका बाजूनं येऊ देतात. तेवढंही पुरतं.

फोन धरायचा दोन्ही हातांनी. कोपर बरगड्यांना टेकवायचे. दाराच्या चौकटीला खांदा टेकला तर आणखी बरं. श्वास सोडायचा आणि मग बटण दाबायचं. पडद्यावर बोट आपटलं की फोनला धक्का बसतो आणि फोटो नेमका त्याच वेळी निघतो. म्हणून कॅमेऱ्यात घड्याळाचं चिन्ह असतं, तिथं तीन सेकंद लावा. बटण दाबल्यावर हात स्थिर होतो, मग फोटो निघतो. मालाचे फोटो काढायचे असतील तर दोन स्टीलचे डबे एकावर एक ठेवून फोन त्यांना टेकवून उभा करा. स्टँड विकत घ्यायची गरज नाही. आणि काम करणाऱ्या बाईला सांगायचं, "एक क्षण थांब." लाटणं पापडावर ठेवून थांबलेले हातही काम करणारेच दिसतात.

कमी उजेडात फोन आणखी एक खटपट करतो. उजेड कमी पडला की आहे तोच उजेड ताणून वाढवतो. मग फोटोत रव्यासारखे दाणे येतात, आणि ते दाणे झाकायला फोन सगळं गुळगुळीत करतो. चेहरा मेणाचा दिसतो, शेवयांची तार न् तार वेगळी दिसत नाही. काही फोनमध्ये चेहरा गोरा करायची सोय आपोआप चालू असते, तीही हेच करते. ओळखपत्रासाठी फोटो काढताना ती आधी बंद करा.

पवई तलावावर गणपती विसर्जनाच्या रात्री हे सगळे दोष एकाच फोटोत बघायला मिळतात. अंधार, हलणारी मूर्ती, गर्दीत धक्के खाणारा हात, आणि लांबून दोन बोटांनी मोठं करून काढलेला फोटो. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या फोनमध्ये पन्नास फोटो असतात आणि गणपती एकातही ओळखू येत नाही.

त्या दोन बोटांनी मोठं करण्याबद्दल. साध्या फोनमध्ये असं मोठं केलं की कॅमेरा जवळ जात नाही, तो मधला तुकडा कापून ताणतो. शेरभर पीठ भिजवून त्याच्या दहा पोळ्या होत असतील आणि तुम्ही वीस मागितल्या तर त्या पातळच होणार. दोन पावलं पुढं चालत जा. जाता येत नसेल तर आहे तिथूनच फोटो काढा, नंतर लागेल तेवढा कापता येतो.

पण पुढं जाण्यालाही मर्यादा आहे, आणि कागदांच्या बाबतीत घोटाळा इथंच होतो. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवताना आपण सुई डोळ्यांपासून लांब नेतो ना? जवळ धरली की ती अंधुक दिसते. कॅमेऱ्याच्या डोळ्याचंही तसंच आहे. ठरावीक अंतरापेक्षा जवळ आलेलं त्याला दिसतच नाही. आपल्याला वाटतं, अक्षर बारीक आहे, फोन आणखी जवळ नेऊ. जेवढा जवळ नेऊ तेवढं अक्षर फुटतं. फोन कागदापासून निदान एक वीत लांब ठेवा. मग जे स्पष्ट हवं त्यावर पडद्यावर बोट टेकवा. एक चौकोन किंवा गोल दिसेल, अक्षरं आधी विरतील आणि मग एकदम ठळक होतील. ती ठळक झाल्यावरच बटण दाबायचं. कॅमेऱ्याला एका वेळी एका अंतरावरचंच नीट दिसतं. तुम्ही सांगितलं नाही तर तो स्वतःच निवडतो, आणि कधी कधी ताटाऐवजी मागची भिंत निवडतो.

पांढऱ्या कापडावर पांढरा तांदळाचा पापड ठेवला तर त्याची नजर अजिबात ठरत नाही. त्याला रंगाचा, कडेचा फरक लागतो. गडद साडीवर, हिरव्या केळीच्या पानावर किंवा पितळी ताटात पापड ठेवा आणि बोट पापडाच्या कडेवर टेकवा. तसंच, काही फोनमध्ये मागचं मुद्दाम पुसट करायची सोय असते, लग्नातल्या फोटोसारखी. ती माणसांपुरती ठीक आहे. मालावर वापरली तर बरणीची कड आणि लेबलवरचं गटाचं नावच पुसून जातं.

आता कागद. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो म्हणजे नुसतं चित्र नव्हे, समोरचा माणूस त्यावरून आकडे वाचून भरणार असतो. पुसट फोटोत इंग्रजी तीनचा आठ होतो, पाचाचा सहा होतो. बँकेचा आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो, त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं, आणि पुसट फोटोत तेच शून्य हमखास इंग्रजी 'ओ' म्हणून वाचलं जातं. म्हणून फोटो काढला की तिथल्या तिथं मोठा करून बघायचा आणि खाते नंबर फोटोतून मोठ्यानं वाचायचा. वाचता आला नाही तर परत काढायचा, कागद अजून समोर आहे तोवर. आमच्या गटात हा नियमच आहे, एकीनं फोटोतून वाचायचं आणि दुसरीनं पासबुकात बोट ठेवून तपासायचं.

कागद सपाट जमिनीवर, दाराजवळ ठेवा. फोन त्याच्या बरोबर वर, तिरपा नको. तिरपा झाला की वरची ओळ स्पष्ट आणि खालची पुसट येते. फ्लॅश लावू नका. लॅमिनेशन केलेल्या कार्डावर त्याचा पांढरा डाग पडतो, आणि तो नेमका नंबरावर पडतो. उजेड पाठीमागून आला तर आपलीच सावली कागदावर पडते, म्हणून थोडं बाजूला बसा. आणि पासबुक मुळातच फिकट छापलेलं असेल, बँकेच्या छपाईची शाई संपत आलेली असेल, तर फोटोची कितीही कसरत करून उपयोग नाही. बँकेत जाऊन परत छापून मागा. त्यात संकोच कसला, तो आपला हक्क आहे.

शेतातल्या फोटोत हात स्थिर असूनही ज्वारी हललेली दिसते, कारण वारा. वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत थांबायचं, आणि सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा. हजेरीच्या फोटोत बायका ओळीत उभ्या असतात आणि सूर्य त्यांच्या मागं असतो, मग चेहरे काळे पडतात. लोक त्यालाही 'ब्लर' म्हणतात. तो पुसट नसतो, अंधारलेला असतो, पण कामावर हजर असलेली बाई ओळखू आली नाही तर नाव कशाला द्यायचं यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. फोटो काढणाऱ्याला सांगा, "दादा, उन्हाकडं पाठ करून उभे राहा, आम्ही तोंड वळवतो." एवढं म्हणायचा अधिकार प्रत्येकीला आहे, दिवसभराची मजुरी तिची आहे.

बरेचदा फोटो चांगला निघतो आणि पाठवताना बिघडतो. व्हॉट्सॲप फोटो बारीक करून पाठवतं, म्हणजे नेट कमी लागावं. एका गटातून दुसऱ्या गटात, तिथून तिसरीकडं, मधेच कुणी पडद्याचाच फोटो काढून पुढं पाठवला, की शेवटी हाती येतो तो चोथा. २०२३ पासून तिथं फोटो पाठवताना वर 'एचडी' असं चिन्ह येतं, ते दाबून पाठवा. त्याहून चांगलं म्हणजे पिनच्या चिन्हातून 'डॉक्युमेंट' निवडून तोच फोटो पाठवायचा, मग तो जसाच्या तसा जातो. प्रदर्शनाचा बॅनर किंवा लेबल छापायला देताना तर असंच पाठवा. व्हॉट्सॲपवरून साधा आलेला फोटो चांगल्या छपाईत साधारण पाच इंच रुंदीपर्यंत ठीक दिसतो. तोच पाच फुटांच्या बॅनरवर ताणला की कुरडया आहेत की कापूस ते कळत नाही. छापणाऱ्याला दोष देण्याआधी आपण त्याला कोणता फोटो दिला ते बघावं.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "ताई, हललेला फोटो नंतर साफ करता येतो का?" अशी ॲप निघाली आहेत, आणि जाहिरातीत ती जादू करतात. पण जे फोटोत उतरलंच नाही ते ॲप आणणार कुठून? ते अंदाजानं भरतं. सासूबाईंच्या जुन्या फोटोत डोळे स्पष्ट होतात, फक्त ते सासूबाईंचे असतीलच असं नाही. घरात लावायला ठीक आहे. कागदाच्या बाबतीत मात्र हे कधीही करू नका. पुसट आकडा ॲपनं स्पष्ट केला तर तो आठ दिसेल, अगदी ठळक आठ, आणि पासबुकात तीन असेल. पुसट फोटो निदान परत तरी येतो. चुकीचा ठळक आकडा पुढं निघून जातो.

आणि कागदाचे जे चार-पाच बिघडलेले फोटो फोनमध्ये पडून राहतात ते काढून टाका. दुसऱ्याच्या फोनवरून अर्ज भरला असेल तर त्याच्या समोर उभं राहून त्याच्याही फोनमधून काढायला लावा, गॅलरीतून आणि व्हॉट्सॲपवरूनही. आधारवरचा नंबर सगळा दाखवायची गरज नसेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार चालतं, ते आधारच्या वेबसाइटवरून मिळतं. त्याबद्दल पुढच्या वेळी बोलू.